उन्हाने पांढुरका पडलेला कार्बन फायबरचा भाग घरच्या घरी कसा उजळावा?

गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचे काम करणाऱ्या कारागिरांकडे आता एक वेगळ्या प्रकारचे काम येऊ लागले आहे. हौसेने बसवलेले कार्बन फायबरचे बॉनेट, मागचा स्पॉयलर, आरशाचे कव्हर किंवा मोटारसायकलचा मडगार्ड तीन-चार उन्हाळे काढतो आणि त्याची रया जाते. काळी कुळकुळीत, काचेसारखी चमकणारी वीण आधी धुरकट होते, नंतर पिवळट दिसू लागते आणि शेवटी वरचे पापुद्रे सुटतात. गिऱ्हाईक विचारतो, "उस्ताद, हे पहिल्यासारखे होईल का?"

आमच्या परिचयाच्या एका होतकरू कारागिराने या प्रश्नाला विचार न करता 'होईल' असे उत्तर दिले. पत्र्याच्या कामात त्याचा हात बसलेला होता. पत्र्यावरचा जुना रंग काढतात तसे त्याने मशीनला ८० नंबरचा पेपर लावला आणि बॉनेटवर फिरवला. पाच मिनिटांत पापुद्रे गेले, पण त्याबरोबर विणीचे धागेही कापले गेले. तळहाताएवढ्या जागेत काळी लव उभी राहिली. पत्रा असता तर पुट्टी भरून रंग मारता आला असता. येथे तर गिऱ्हाइकाला वीणच दिसायला हवी होती. एका पेपरच्या चुकीपायी त्याला बॉनेटची किंमत पदरची भरावी लागली.

या कामाला फार मोठे भांडवल लागत नाही. मात्र हात कोठे थांबवायचा, हे कळले नाही तर नुकसान मोठे होते. म्हणून या लेखात हे काम पायरीपायरीने समजून घेऊ. ज्यांना स्वतःच्या गाडीचा भाग घरी दुरुस्त करायचा आहे आणि ज्यांना पुढे हे काम व्यवसाय म्हणून घ्यायचे आहे, त्या दोघांनाही याचा उपयोग व्हावा.

खराब नेमके काय होते?

कार्बन फायबर म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यात दोन वस्तू असतात. एक कार्बनचे तंतू आणि दुसरे त्या तंतूंना धरून ठेवणारे रेझिन. तंतू बहुतेक वेळा पॉलिअॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून तयार होतात. आपल्या घरातील अॅक्रिलिक लोकरीचा स्वेटर याच धाग्याच्या कुळातला. हा धागा आधी हवेत सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सिअसवर भाजतात आणि नंतर प्राणवायू नसलेल्या भट्टीत १००० अंशांहून अधिक तापवतात. बाकीचे घटक उडून जातात आणि जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. एक तंतू साधारण ५ ते ७ मायक्रॉन जाड असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतका. असे ३००० तंतू एकत्र करून जो चपटा पेड होतो त्याला व्यापारात 'थ्री-के' म्हणतात. गाडीच्या शोभेच्या भागांवर जी तिरपी वीण दिसते ती बहुधा याच पेडांची असते.

मोटारींच्या जगात या वस्तूचे नाव झाले ते शर्यतीच्या मैदानातून. १९८१ साली मॅक्लॅरेनने 'एमपी४/१' ही कार्बन फायबरचा सांगाडा असलेली फॉर्म्युला वन गाडी उतरवली. १९९२ साली त्याच कंपनीने रस्त्यावर चालणारी 'एफ१' मोटार तशाच सांगाड्यासह लोकांपुढे आणली. तेथून ही हौस हळूहळू सामान्य गाड्यांच्या बॉनेट-आरशांपर्यंत पोचली.

आता मुद्द्याची गोष्ट. उन्हाने कार्बनचे तंतू खराब होत नाहीत. खराब होते ते त्यांच्यावरचे आवरण. तंतूंना धरून ठेवणारे रेझिन बहुधा इपॉक्सी असते. इपॉक्सीची पकड उत्तम, पण सूर्यप्रकाशातील अतिनील किरण तिला सोसत नाहीत. ती पिवळी पडते आणि पुढे वरून खडूसारखी भुकटी सुटते. म्हणूनच कारखान्यात इपॉक्सीवर अतिनील किरण अडवणाऱ्या क्लिअर लॅकरचा थर मारतात. जोवर हा थर शाबूत आहे तोवर खालचे सर्व सुरक्षित असते. ऊन, पावसाचे पाणी, पक्ष्यांची विष्ठा आणि चुकीचे साबण यांनी हा थर मरतो आणि मग पाळी येते इपॉक्सीची.

हा थर किती जाड असतो? साधारणपणे ४० ते ६० मायक्रॉन. वहीचा कागद सुमारे १०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे आपण जेथे पेपर घासणार आहोत तेथे तंतूंच्या वर कागदाच्या अर्ध्या जाडीचे क्लिअर आणि त्याखाली पातळसे रेझिन एवढेच काय ते आहे. ८० नंबरचा पेपर येथे का चालत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आधी परीक्षा, मग काम

भाग हातात आला की लगेच घासायला बसू नये. पुढील चार परीक्षा कराव्यात. त्यांना दहा मिनिटेही लागत नाहीत.

१) खरा की नकली? बाजारात कार्बनची वीण छापलेली प्लास्टिकची फिल्म चिकटवलेले किंवा पाण्यातून छाप उठवलेले प्लास्टिकचे भाग भरपूर आहेत. ते घासले की छाप निघून जाते. भागाची मागची बाजू, भोके आणि कडा पाहाव्यात. फिल्म असेल तर कडेला तिचा शेवट दिसतो. खात्री करायची असेल तर मल्टिमीटरच्या दोन्ही टोका मागच्या बाजूच्या उघड्या कापलेल्या कडेवर टेकवाव्यात. कार्बनमधून वीज वाहते, प्लास्टिकमधून वाहत नाही. (वरच्या चकचकीत पृष्ठभागावर ही परीक्षा करू नये. तेथे लॅकर असल्याने मीटर काही दाखवणार नाही.) काही भागांत वर कार्बनचा एकच थर आणि खाली साधे काचेचे फायबर असते. त्यात गैर काही नाही, पण तेथे घासताना दुप्पट सांभाळावे लागते.

२) नाण्याची परीक्षा. नाण्याने संपूर्ण भागावर हलकेच टकटक करत जावे. सगळीकडे सारखा, खणखणीत आवाज आला तर थर एकमेकांना घट्ट आहेत. एखाद्या जागी आवाज बद्द झाला तर तेथे आतले थर सुटले आहेत असे समजावे. वरून कितीही चमकवले तरी तो दोष जाणार नाही.

३) ओल्या फडक्याची परीक्षा. पांढुरक्या जागेवर ओले फडके फिरवावे. पाण्याखाली वीण पुन्हा काळी व स्पष्ट दिसली तर दोष फक्त पृष्ठभागावर आहे. पाणी लावूनही पांढरा डाग तसाच राहिला तर क्लिअर खालून सुटले आहे किंवा दोष रेझिनमध्ये उतरला आहे.

४) नखाची परीक्षा. नख हलकेच आडवे फिरवावे. गुळगुळीत लागले तर ठीक. विणीचा खरखरीतपणा नखाला जाणवला तर वरचे रेझिनही झिजले आहे आणि नवे रेझिन द्यावे लागेल.

या परीक्षांवरून भाग तीनपैकी एका अवस्थेत आहे हे ठरते. पहिली अवस्था : क्लिअर शाबूत, फक्त धूसर. दुसरी अवस्था : क्लिअरचे पापुद्रे सुटले, खालचे रेझिन ठीक. तिसरी अवस्था : रेझिनही पिवळे, भुकटी झालेले किंवा बारीक छिद्रे पडलेले. अवस्था ठरली की कागदावर लिहून ठेवावी आणि गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगावी.

जागा, हवामान आणि साहित्य

जागा सावलीची, हवा खेळती आणि धूळ नसलेली हवी. इपॉक्सीला २० ते ३० अंश तापमान मानवते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात दुपारी ती कपातच गरम होऊन घट्ट होते, म्हणून तेथे पहाटेचे काम चांगले. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात हे काम शक्यतो घेऊच नये. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो आणि क्लिअरही दुधाळ होते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सर्वांत उत्तम.

साहित्य असे : ४००, ६००, ८००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर (तिसऱ्या अवस्थेसाठी ३२० नंबरही), रबरी ठोकळा, बादली आणि साबणाचे पाणी, मास्किंग टेप, रंगापूर्वी वापरायचे ग्रीस काढणारे द्रावण किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, लव न सुटणारी फडकी, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, धुळीचा चांगला मास्क, बारीक कंपाउंड आणि पॉलिश. तिसऱ्या अवस्थेसाठी पारदर्शक इपॉक्सी रेझिन व तिचेच हार्डनर, ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा आणि फोमचा ब्रश.

दोन वस्तू मुद्दाम वर्ज्य कराव्यात. रंग उतरवण्याचे रिमूव्हर कार्बन फायबरला कधीही लावू नये, ते लॅकरबरोबर खालची इपॉक्सीही मऊ करते. तसेच पापुद्रे सोडवण्यासाठी हीट गन धरू नये. फार तापल्यास रेझिन ढिले पडते आणि भाग वाकतो.

कृती : सर्व अवस्थांना समान भाग

शक्य असल्यास भाग गाडीवरून काढून घ्यावा. बोल्ट काढताना त्यांच्याखाली पांढरी भुकटी किंवा गंज दिसतो का ते पाहावे. कार्बन आणि अॅल्युमिनियम किंवा लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकले की धातू झपाट्याने खराब होतो. भाग परत बसवताना मध्ये प्लास्टिकचे वॉशर घालावेत आणि स्टेनलेसचे बोल्ट वापरावेत. एवढी छोटी गोष्ट गिऱ्हाईक कायम लक्षात ठेवतो.

नंतर भाग साबणाच्या पाण्याने धुवावा, वाळवावा आणि ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसावा. डॅशबोर्ड आणि टायर चमकवण्याच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असते. त्याचा अंश राहिला तर नवे क्लिअर माशाच्या डोळ्यांसारखे गोल-गोल फाटते. म्हणून एका फडक्याने द्रावण लावावे आणि ते सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नये, त्यांचा तेलकटपणा मागे राहतो.

घासण्याचे सर्व काम पाणी लावूनच करावे. कार्बनची कोरडी धूळ कातडीला टोचते, खाज आणते आणि श्वासाबरोबर आत जाते. शिवाय ती विजेची वाहक असल्यामुळे मशीनच्या मोटरीत किंवा स्विचमध्ये शिरली तर शॉर्ट सर्किट करू शकते. म्हणून विजेचे मशीन बाजूला ठेवून हातानेच घासावे.

पहिली अवस्था : फक्त धूसर

१५०० नंबरचा पेपर दहा मिनिटे पाण्यात भिजवावा. ठोकळ्याला लावून हलक्या हाताने एकाच दिशेने घासावे. नंतर २००० नंबरने आडव्या दिशेने आणि ३००० नंबरने पुन्हा पहिल्या दिशेने घासावे. दिशा बदलल्याने आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते दिसते. शेवटी बारीक कंपाउंड व पॉलिशने चमक आणावी.

येथे एक हिशेब विसरू नये. दर वेळी आपण त्या ४०-६० मायक्रॉनच्या पुंजीतून थोडी खर्च करतो आणि ती परत भरत नाही. म्हणून हे काम एका भागावर एखाद-दोन वेळाच करता येते. 'दर दिवाळीला घासून देतो' असे गिऱ्हाइकाला सांगू नये.

दुसरी अवस्था : पापुद्रे सुटलेले

आता सर्व जुने क्लिअर काढावे लागते. सुटलेल्या जागेपुरतेच नवे क्लिअर मारले तर त्याच्या कडेने काही महिन्यांत पुन्हा पापुद्रे सुटतात.

सुरुवातीला सर्व कडा आणि उंचवट्याच्या रेषा यांवर मास्किंग टेप लावून घ्यावी. क्लिअर तेथे सर्वांत पातळ असते आणि हाताचा दाब तेथे सर्वांत जास्त पडतो. कारागिरांच्या हातून वीण कापली जाते ती बहुतेक वेळा कडेलाच. मधला सपाट भाग संपला की टेप काढून कडा ठोकळ्याशिवाय, बोटांच्या पेरांनी, ८०० नंबरने घ्याव्यात.

सपाट भागावर ४०० नंबरचा ओला पेपर ठोकळ्याने चालवावा. दर दहा-बारा हातांनंतर थांबून पाण्याचा रंग पाहावा. या कामातील सर्वांत मोठा गुरू म्हणजे ते पाणी. पाणी दुधासारखे पांढरे असेल तर क्लिअर निघत आहे, चालू ठेवावे. पाण्यात करडी किंवा काळी झाक दिसली की त्या जागी पेपर तंतूंना लागला. तेथे हात ताबडतोब उचलावा आणि पुन्हा त्या जागेकडे जाऊ नये. पाणी वारंवार बदलावे, नाहीतर हा इशारा वाचता येत नाही.

जुन्या क्लिअरची कड नकाशातील किनाऱ्यासारखी दिसते. ती रेषा डोळ्यांना दिसेनाशी झाली आणि डोळे मिटून बोट फिरवले तरी लागेनाशी झाली की काम झाले. मग ६०० आणि ८०० नंबरने संपूर्ण भाग एकसारखा मॅट करून घ्यावा. या वेळी भाग पहिल्यापेक्षाही वाईट, राखाडी दिसतो. घाबरू नये. ओले फडके फिरवून पाहावे, वीण जशी दिसेल साधारण तशीच ती नव्या क्लिअरखाली दिसणार आहे. पुढचे काम क्लिअरचे, त्याची माहिती खाली दिली आहे.

एखाद्या जागी वीण थोडी कापली गेलीच तर लपवू नये. त्यावर इपॉक्सी देता येते, पण तेथे विणीचा ठसा फिकट दिसतो. जास्त कापली गेली असेल तर वरून कार्बन कापडाचा नवा थर लावणे किंवा भाग गाडीच्या रंगात रंगवणे, एवढेच मार्ग उरतात.

तिसरी अवस्था : रेझिन झिजलेले

दुसऱ्या अवस्थेप्रमाणे क्लिअर काढून ४०० नंबरपर्यंत आणावे, भुकटी झालेले रेझिन घासून टाकावे, धुवावे आणि एक दिवस सावलीत पूर्ण कोरडे होऊ द्यावे. छिद्रांत पाणी राहिले तर ते रेझिनखाली कायमचे कोंडले जाते.

आता इपॉक्सी. आपल्याकडील बरेच कारागीर काचेच्या फायबरचे काम पॉलिस्टर रेझिनवर शिकलेले असतात. त्यात हार्डनर थोडा जास्त घातला तर माल लवकर सुकतो, कमी घातला तर उशिरा. इपॉक्सीला हा नियम लागू नाही. तेथे रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांशी जुळतात. एक जास्त झाले तर उरलेले तसेच राहते आणि थर कायम चिकट किंवा मऊ राहतो. डब्यावर वजनाने १०० ला ३० लिहिले असेल तर ५० ग्रॅम रेझिनला १५ ग्रॅमच हार्डनर घ्यावे, काट्यावर मोजून. प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, हेही वाचावे. दोन्ही वेगळे असतात. मिश्रण कपाच्या कडा व तळ खरवडत दोन-तीन मिनिटे सावकाश ढवळावे.

किती माल लागेल? एक चौरस मीटर जागेवर दशांश मिलिमीटर जाडीचा थर द्यायला १०० मिलिलिटर लागतात. त्यावरून आरशाच्या कव्हरला चमचाभर पुरतो आणि मोठ्या बॉनेटला एका थराला दीडशे मिलिलिटरच्या आसपास लागतो. गरजेपुरतेच कालवावे आणि लगेच पसरट ताटलीत ओतावे. खोल कपात ठेवलेली इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने तापते आणि कधीकधी धूर काढते.

भाग आडवा, सपाट ठेवून फोमच्या ब्रशने पातळ थर द्यावा. बुडबुडे दिसले तर हेअर ड्रायर दुरून, क्षणभर फिरवावा. थर बोटाला चिकट लागतो पण बोटावर उतरत नाही, अशी वेळ आली की दुसरा थर द्यावा. या वेळी दोन थर एकजीव होतात. ती वेळ टळली तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबून, घासून मगच पुढचा थर द्यावा. साधारण दोन ते तीन थर पुरतात.

किमान २४ तास सुकू द्यावे, थंडीत अधिक. नंतर आधी साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुवावे म्हणजे मेणासारखा थर निघून जाईल. मग ३२० नंबरने सपाट करावे आणि ४००, ६००, ८०० असे चढत जावे. घासताना जेथे चकचकीत ठिपके उरतात त्या खोलगट जागा. त्यांच्यामागे लागून आजूबाजूचा थर पार करू नये, त्याऐवजी आणखी एक थर द्यावा. रेझिन स्वस्त आहे, वीण नाही.

इपॉक्सी हाताला लागू देऊ नये. काहींना तिची कायमची अॅलर्जी होते. लागलीच तर थिनरने न पुसता साबण-पाण्याने धुवावी, कारण थिनर तिला कातडीत आणखी आत नेतो.

क्लिअर कोट : येथे घरचे काम थांबते

इपॉक्सी घासून पॉलिश केली तरी ती सुंदर चमकते. अनेकजण येथेच थांबतात आणि भाग गाडीला लावतात. पण वर सांगितल्याप्रमाणे इपॉक्सीला ऊन सोसत नाही. उघडी इपॉक्सी पुन्हा पिवळी पडणारच. टिकाऊ काम हवे तर वर अतिनील किरण अडवणारे दोन घटकांचे पॉलियुरेथेन क्लिअर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतले 'टू-के' किंवा 'पीयू' क्लिअर, दोन-तीन थरांत मारलेच पाहिजे.

आणि येथेच आमचा आग्रह आहे की हे काम घरात करू नये. या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. स्प्रे गनमधून उडणारा त्याचा तुषार फुप्फुसात गेला तर दमा जडू शकतो. एकदा शरीराला त्याची अॅलर्जी झाली की पुढे अगदी थोड्या तुषारानेही दम्याचा झटका येतो आणि त्या कारागिराला हा धंदाच सोडावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क येथे निरुपयोगी आहे. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असेही समजू नये. धोक्याइतके प्रमाण असतानाही वास येत नाही. ब्रिटनमधील सरकारी आरोग्य व सुरक्षा खाते अशा फवारणीसाठी नळीतून ताजी हवा पुरवणारा मुखवटाच वापरायला सांगते. फवारणी थांबल्यावरही तुषार बूथमध्ये बराच वेळ तरंगत राहतो, म्हणून काम कसे झाले ते पाहायला मुखवटा वर करणे हीदेखील चूक आहे. डब्यातून फवारायचे जे 'टू-के' स्प्रे मिळतात त्यातही हाच पदार्थ असतो. घरात मुलेबाळे, म्हातारी माणसे असतात. गच्ची किंवा अंगण म्हणजे बूथ नव्हे.

तेव्हा कामाची वाटणी सरळ आहे. तपासणी, घासणे, इपॉक्सी, सपाटीकरण आणि शेवटचे पॉलिश घरी करावे. क्लिअरची फवारणी ज्याच्याकडे बूथ आणि हवेचा मुखवटा आहे अशा पेंटरकडून मजुरी देऊन करून घ्यावी. मेहनतीचा मोठा भाग आधीच आपण केलेला असल्याने ही मजुरी जड जात नाही. आरशाच्या कव्हरसारख्या लहान भागाला एका घटकाचा, अतिनील-रोधक क्लिअर स्प्रे उघड्या हवेत, वाफ रोखणारा मास्क लावून मारता येतो. तो तेवढा टिकत नाही, हे मात्र आधी सांगावे.

क्लिअर डब्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण सुकल्यावर धुळीचे कण असतील तेथे २००० व ३००० नंबरने हलके घासून पॉलिश करावे.

कोणते काम घेऊ नये?

चमक आणणे आणि मजबुती आणणे ही दोन वेगळी कामे आहेत. चाक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीटचा सांगाडा, गाडीचा मूळ ढाचा, सायकलची फ्रेम किंवा पुढचा चिमटा यांना तडा गेला असेल, किंवा नाण्याचा आवाज बद्द येत असेल, तर वरून इपॉक्सी देऊन ते परत देऊ नयेत. लोखंड आधी वाकते आणि सूचना देते. कार्बन फायबर बरेचदा सूचना न देता तुटते. नव्या चकाकीखाली तडा झाकणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळणे होय. बॉनेटच्या कुलपाजवळ किंवा बिजागरीजवळ तडा असेल तरीही हाच नियम, कारण वेगात ते उघडून काचेवर आपटू शकते.

दर कसा ठरवावा?

मुंबईत कुर्ल्याच्या आणि पुण्यात नाना पेठेच्या बाजारात सुट्या भागांची उलाढाल करणाऱ्यांकडे असे निस्तेज भाग पडून असतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या बॉनेटवर हात न चालवता असा एखादा टाकाऊ, लहान भाग विकत घेऊन त्यावर आधी सराव करावा. मुद्दाम एका कोपऱ्यात पेपर तंतूंपर्यंत नेऊन पाण्याचा रंग कसा बदलतो ते एकदा डोळ्यांनी पाहावे. ही फी दिल्याशिवाय हे हुनर येत नाही.

दर सांगताना पाच बाबी वेगळ्या लिहाव्यात : पेपर व द्रावण, इपॉक्सी, बूथची मजुरी, स्वतःचे तास आणि चुकीची जोखीम. शेवटची बाब बहुतेकजण विसरतात. आरशाचे कव्हर बिघडले तर नुकसान थोडे, आयात केलेले बॉनेट बिघडले तर वर्षाची कमाई जाऊ शकते. इपॉक्सीचे काम तीन-चार दिवस रेंगाळते, पण त्यातला बराच वेळ सुकण्याचा असतो. म्हणून एकाच वेळी तीन-चार लहान भाग हाती घेतले तर हिशेब बसतो.

काम घेण्याआधी भागाचे फोटो काढावेत, अवस्था कोणती ते चिठ्ठीवर लिहावे आणि 'वीण पूर्वीसारखी दिसेल, पण जुने खोल डाग राहू शकतात' असे असेल तर तसे स्पष्ट सांगावे. परत देताना दोन सूचना द्याव्यात : गाडी शक्यतो सावलीत लावावी, आणि पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी धुवावी. वर्षातून दोनदा मेणाचा हात द्यायला सांगावे.

ज्या कारागिराची गोष्ट आरंभी सांगितली, तो आजही हे काम करतो. त्याच्या बादलीत आता नेहमी स्वच्छ पाणी असते आणि शागीर्दाला तो पहिल्या दिवशी पेपर हातात देत नाही, पाणी पाहायला बसवतो.